वित्तोरिओ दे सिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फिल्म क्लबात वर्षातून एकदा तरी इटालियन दिग्दर्शक दे सिकाचा चित्रपट लागतोच. दिवे लागले की थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग चहाच्या टेबलापाशी एकेक प्रश्न निघतो आणि बहुतेक वेळा ते मागच्या वर्षीचेच असतात. दरवेळी घसा कोरडा करण्यापेक्षा उत्तरं एकदा लिहून काढलेली बरी, म्हणून हे पान. प्रश्न जसे विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

नावाचा उच्चार नेमका काय? डी सिका की दे सिका?

इटालियनमध्ये ‘दे सीका’. इंग्रजीच्या वळणाने आपल्याकडे ‘डी सिका’ रूढ झालं आणि जुन्या मराठी लेखांत तेच सापडेल. दोन्ही चालतं. मी ‘दे सिका’ लिहितो. ‘वित्तोरिओ’मध्ये मात्र ‘त्त’ दाबून म्हणा, इटालियन माणूस खूश होतो.

थोडक्यात सांगायचं तर हा माणूस कोण?

जन्म ७ जुलै १९०१, रोमच्या दक्षिणेला असलेल्या सोरा या गावी. बालपणाचा मोठा भाग नेपल्समध्ये गेला आणि तो शेवटपर्यंत स्वतःला नेपल्सचाच समजत राहिला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण हिशेबनिसाचं. पुढे नाटकात नट, मग सिनेमात नट, गायक, मग दिग्दर्शक. ‘शू-शाईन’, ‘बायसिकल थीव्ज’, ‘मिरॅकल इन मिलान’, ‘उम्बेर्तो डी’ हे त्याचे १९४६ ते १९५२ या सहा वर्षांतले चित्रपट. कारकीर्द पन्नास वर्षांहून मोठी, पण जगाने त्याला डोक्यावर घेतलं ते मुख्यतः या सहा वर्षांसाठी. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पॅरिसजवळच्या नुयी इथे तो वारला.

तो आधी हिरो होता हे खरं का? फोटो बघून पटत नाही.

शंभर टक्के खरं. उलट त्याचे तिशीतले फोटो बघा: उंच, चापून बसवलेले केस, अंगावर बेतून शिवलेला सूट आणि चेहऱ्यावर ‘आत्ता गाऊ का?’ असं हसू. १९२३ साली तो तात्याना पाव्लोव्हाच्या नाटक कंपनीत दाखल झाला. १९३२ साली मारिओ कामेरिनीच्या एका विनोदी चित्रपटात त्याने मालकाची गाडी स्वतःची म्हणून मिरवणाऱ्या ड्रायव्हरचं काम केलं आणि त्यातलं ‘पार्लामी दामोरे, मारियू’ हे गाणं इटलीभर वाजलं. आजही रोमच्या एखाद्या खानावळीत अ‍ॅकॉर्डियनवाला ते वाजवतो.

एवढ्यावर थांबतो कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर इथेच आहे. गरिबीचे चित्रपट काढणारा हा माणूस मुळात लोकांना रिझवणारा होता. प्रेक्षक कुठे श्वास रोखतो आणि कुठे सोडतो, हे त्याला रंगमंचावर उभं राहून कळलं होतं. त्याचे चित्रपट पाहून ‘किती सहज आहे, कॅमेरा लावला आणि झालं’ असं जे वाटतं, ते या नटाच्या तालमीचं फळ आहे.

मग दिग्दर्शनाकडे कसा वळला?

१९४० साली. सुरुवातीचे तीन-चार चित्रपट हलकेफुलके, शाळकरी पोरी, गैरसमज, प्रेमपत्रं वगैरे. बघायला छान आहेत, पण त्यावरून पुढचा दे सिका ओळखू येत नाही. वळण आलं ते ‘मुलं आपल्याकडे बघताहेत’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटाने. आई घर सोडून जाते, बाप खचतो आणि हे सगळं एका लहान मुलाच्या नजरेतून. फॅसिस्ट राजवटीत आदर्श कुटुंबाचे गोडवे गायले जात असताना १९४३-४४च्या सुमारास हा चित्रपट आला. मोठ्यांची दुनिया लहान मुलाच्या उंचीवरून बघायची, ही सवय त्याला इथे लागली.

युद्धात तो काय करत होता?

ही गोष्ट एखाद्या चित्रपटाची कथा वाटावी अशी आहे. १९४३च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांनी रोम ताब्यात घेतलं. मुसोलिनीच्या उत्तरेतल्या कठपुतळी सरकारने सिनेमाचा कारखाना व्हेनिसला हलवला आणि नावाजलेल्या मंडळींना तिकडे बोलावणी धाडली. दे सिकाने सांगितलं, माझ्या हातात काम आहे, व्हॅटिकनशी संबंधित संस्थेचा चित्रपट करतोय. काम खरंच होतं: लोरेतोच्या यात्रेला आगगाडीने निघालेल्या आजारी भाविकांची कथा, ‘स्वर्गाचं दार’. चित्रीकरण रोममधल्या सान पाओलो बॅसिलिकात चाललं आणि ते संपेचना. संपू द्यायचंच नव्हतं. गर्दीतले ‘भाविक’ म्हणून घेतलेल्यांत लपून राहिलेले ज्यू आणि राजवटीला नकोसे झालेले इतर लोक होते. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य रोममध्ये शिरेपर्यंत त्याने ते काम रेटलं. चित्रपट आज फारसा कुणी बघत नाही. पण वेळकाढूपणा एवढ्या सत्कारणी लागल्याचं उदाहरण सिनेमाच्या इतिहासात मला तरी दुसरं आठवत नाही.

‘नववास्तववाद’ म्हणजे काय हो? सोप्या भाषेत.

युद्ध संपल्यावरची इटली डोळ्यांपुढे आणा. घरं पडलेली, काम नाही, काळाबाजार जोरात. रोमचा चिनेचित्ता हा मोठा स्टुडिओ निर्वासितांची छावणी झालेला. अशा वेळी रोसेल्लिनी, व्हिस्कोन्ती, दे सिका असे काही दिग्दर्शक रस्त्यावर उतरले आणि जे समोर होतं त्याच्या गोष्टी सांगू लागले. खऱ्या जागा, पुष्कळदा नट नसलेली माणसं, आणि नायकाचं संकट असं की वर्तमानपत्रात त्याला दोन ओळीसुद्धा मिळणार नाहीत.

पण एक गैरसमज काढून टाकूया. नववास्तववाद म्हणजे गनिमी पद्धतीने, पैशाविना, जमेल तसं शूटिंग असं अनेकांना वाटतं. ‘बायसिकल थीव्ज’ला हे अजिबात लागू नाही. पटकथेवर अर्धा डझनहून जास्त लेखकांची नावं आहेत. बाजारातला पाऊस आभाळातून आलेला नाही, पाण्याचे बंब आणून तो पाडला. संवाद नंतर स्टुडिओत भरले, तिकडची रीतच ती होती. रस्त्यावरची गर्दी कुठून कुठे जाणार हे ठरवलेलं होतं. खरं वाटावं यासाठी इतका खटाटोप. आमच्याकडे चित्रपट शिकणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण त्यांना मोबाईल घेऊन रस्त्यावर गेलं की वास्तववाद आपोआप होईल असं वाटतं.

झावात्तिनी कोण? सगळीकडे त्याचं नाव जोडलेलं असतं.

चेझारे झावात्तिनी, लेखक. जन्म १९०२, मृत्यू १९८९. दोघांनी मिळून वीसच्या आसपास चित्रपट केले. झावात्तिनीकडे कल्पना आणि सिद्धान्त भरपूर. साध्या माणसाच्या साध्या दिवसामागे चालत राहा, गोष्ट आपोआप सापडेल, हा त्याचा ध्यास. दे सिकाकडे माणसं हाताळण्याचं कसब. कुणाचं श्रेय किती यावर इटलीत अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर झावात्तिनीशिवाय दे सिकाने सुंदर करमणूकप्रधान चित्रपट काढले असते आणि दे सिकाशिवाय झावात्तिनीचे निबंध झाले असते.

‘शू-शाईन’ कशाबद्दल आहे?

मूळ नाव ‘शुशा’. अमेरिकन सैनिकांच्या मागे ‘शू शाईन, जो?’ म्हणत पळणाऱ्या रोमच्या पोरांच्या तोंडी त्या शब्दांचं जे झालं, ते हे. दोन मित्र बूट पुसून पैसे साठवतात. कशासाठी? घोडा घेण्यासाठी! घोडा मिळतोही. पण काळ्याबाजारातल्या एका प्रकरणात ती बालसुधारगृहात जातात आणि तिथे मोठी माणसं त्यांची मैत्री पद्धतशीरपणे मोडतात. एका मुलाला मारल्याचं दुसऱ्याला नुसतं ऐकवायचं, की तो बोलून टाकतो. पडद्याआड प्रत्यक्षात मार पोत्याला बसतोय. ते दृश्य मी एकदाच पूर्ण पाहिलं, नंतर त्या वेळी पाणी प्यायला उठतो.

इटलीत हा चित्रपट साफ पडला. अमेरिकेत मात्र त्याला १९४८च्या समारंभात खास ऑस्कर दिलं गेलं. तेव्हा परदेशी चित्रपटांचा वेगळा विभागच नव्हता.

‘बायसिकल थीव्ज’मधली माणसं खरंच नट नव्हती?

कामासाठी लागणारी सायकल चोरीला जाते आणि बाप-मुलगा ती शोधत रोमभर फिरतात, ही त्याची गोष्ट. त्यातली मुख्य तिघं नट नव्हती. बाप अन्तोनिओचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा रोममधल्या कारखान्यातला कामगार. तो आला होता आपल्या मुलाला कामासाठी दाखवायला; दे सिकाची नजर मुलाऐवजी बापावर गेली. आई झालेली लिआनेल्ला कारेल ही पत्रकार, मुलाखत घ्यायला आलेली. आणि ब्रुनो, म्हणजे एन्झो स्तायोला, तर चित्रीकरण सुरू झाल्यावर सापडला. रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमली होती, दे सिका वैतागून मागे वळला आणि समोर मोठं नाक, गोल चेहरा आणि टपोरे डोळे असलेलं एक पोर उभं. नेपल्सच्या संताने, सान जेन्नारोनेच त्याला धाडलं, असं दे सिका पुढे सांगायचा.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने लिहिलेली एक गोष्ट मला फार आवडते. मुलगा निवडताना दे सिकाने त्याच्याकडून अभिनय करून घेतला नाही, फक्त चालायला लावलं. माज्जोरानीच्या लांब ढांगांशेजारी ते दुडकं चालणं कसं दिसतं, एवढंच त्याला बघायचं होतं. पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा चेहरे सोडा आणि दोघांचे पाय बघा. मुलगा कधी पुढे धावतो, कधी मागे पडतो, कधी वर मान करून बापाचा अंदाज घेतो. थप्पड खाल्ल्यावर तो मुद्दाम अंतर ठेवून, झाडांच्या पलीकडून चालतो. सगळी गोष्ट त्या अंतरात आहे.

आणखी एक जागा. काम मिळालं, पण त्यासाठी सायकल हवी आणि ती गहाण पडलेली. बायको काही न बोलता पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि नवराबायको ते गाठोडं गहाण ठेवायला नेतात. खिडकीतला माणूस पैसे मोजतो. मागे आतला कर्मचारी ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. चढतो, चढतो, चढतच राहतो. छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. संवाद एकही नाही. अख्ख्या शहराचे संसार त्या फळ्यांवर आहेत हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

आणि जी सायकल सोडवून आणतात तिचं मॉडेल ‘फिदेस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्रद्धा, विश्वास. ही मखलाशी लेखकांची. ज्याला दिसली त्याला दिसली.

नाव ‘थीफ’ की ‘थीव्ज’? दोन्ही पोस्टर पाहिलीत.

इटालियन नाव ‘लाद्री दि बिचिक्लेत्ते’, दोन्ही शब्द अनेकवचनी. ब्रिटनमध्ये ते ‘थीव्ज’ राहिलं, अमेरिकेत वितरकांनी ‘थीफ’ केलं आणि अर्धा अर्थ सांडला. कारण शेवटी चोर एक उरत नाही. ज्याची सायकल गेली तोही दुसऱ्याच्या सायकलवर हात टाकतो. मराठीत ही पंचाईत नाही. ‘सायकलचोर’ म्हणा, चोर एक आहे की दोन हे शब्द सांगतच नाही. भाषांतराची कटकट आपल्याकडे व्याकरणानेच मिटवून ठेवली आहे!

ब्रुनोला खरंच रडवलं होतं का?

सांगितला जाणारा किस्सा असा: दे सिकाने गुपचूप त्या मुलाच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि सगळ्यांसमोर ‘हा थोटकं वेचतो’ म्हणून त्याला हिणवलं. पोराला रडू फुटलं आणि कॅमेरा चालू होता. आजच्या नियमांत हे बसणार नाही, बसूही नये. क्लबात यावर दरवेळी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कलेसाठी एवढं चालतं. मी दुसऱ्या तटात. ज्या चित्रपटात एका माणसाची अब्रू रस्त्यावर जाताना बघून आपल्या पोटात कालवतं, त्याच चित्रपटासाठी आठ वर्षांच्या मुलाची खोटी बेअब्रू करायची, हे मला पचत नाही. तरीही तो शेवट पाहताना माझे डोळे भरतातच. काय करणार!

पुढे त्या दोघांचं काय झालं?

माज्जोरानीकडून दे सिकाने वचन घेतलं होतं की हे काम झालं की तू परत कारखान्यात जायचं. तो गेलाही. पण पुढे कामगारकपात झाली आणि त्याची नोकरी गेली. नंतर सिनेमात किरकोळ भूमिका मिळाल्या, पण ‘बायसिकल थीव्ज’चा माणूस ही ओळख त्याला पुरतही नव्हती आणि सोडतही नव्हती. बेकाराची भूमिका करणारा माणूस खराच बेकार झाला. स्तायोलाने लहानपणी आणखी काही चित्रपट केले आणि मोठेपणी गणित शिकवलं. २०२५च्या जूनमध्ये तो वारला, वय ८५.

हॉलिवूडचा निर्माता कॅरी ग्रँटला घेणार होता म्हणे?

हो, ‘बायसिकल थीव्ज’साठी. डेव्हिड सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, पण अट ही की नायक कॅरी ग्रँट हवा. दे सिकाने नकार दिला आणि इटलीतूनच पैसा उभा केला. कॅरी ग्रँट मोठा नट, पण त्याची सायकल गेली तर आपल्याला वाटेल, दुसरी घेईल.

सेल्झनिकने नंतर वचपा काढला म्हणा हवं तर. १९५३ साली दोघांनी रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर घडणारा चित्रपट एकत्र केला, जेनिफर जोन्स आणि मॉन्टगोमेरी क्लिफ्टला घेऊन. अमेरिकेसाठी सेल्झनिकने तो कापून तासाभराचा केला. दोन्ही आवृत्त्या बघितल्यात, दोन्ही अधुऱ्या वाटतात.

अमेरिकेत ‘बायसिकल थीव्ज’वर बंदी होती का?

बंदी नाही. तिथल्या चित्रपटधंद्याच्या नीतिनियमांचा शिक्का त्याला नाकारला गेला. आक्षेप दोन: ब्रुनो भिंतीशी लघवीला उभा राहतो ते दृश्य, आणि चोराचा पाठलाग करताना अन्तोनिओ कुंटणखान्यात शिरतो ते. पहिल्या दृश्यात मुलाला धड लघवीही करू देत नाहीत, बाप हाक मारतो आणि तो तसाच पळतो! दे सिकाने कापायला नकार दिला. चित्रपट शिक्क्याविना लागला आणि १९५०च्या समारंभात त्याला खास ऑस्करही मिळालं. १९५२ साली ब्रिटनच्या ‘साईट अँड साऊंड’ने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांत तो पहिला आला.

इटलीच्या सरकारला त्याचा राग का होता?

घरची धुणी चव्हाट्यावर आणतो म्हणून. हा रोख होता जुलिओ आन्द्रेओत्ती यांचा; तेव्हा ते चित्रपटखातं सांभाळणारे उपमंत्री, पुढे अनेकदा पंतप्रधान. १९४९ साली त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. देशी चित्रपटांना आर्थिक आधार मिळाला, पण पटकथा सरकारच्या नजरेखालून जाऊ लागल्या आणि देशाची प्रतिमा मलिन करणाऱ्या चित्रपटाची परदेशवारी अडवता येऊ लागली. १९५२ साली ‘उम्बेर्तो डी’ आल्यावर त्यांनी दे सिकाला उघड पत्र लिहिलं. सूर असा की इटली अशीच आहे असं जगाला वाटलं तर तुम्ही देशाची वाईट सेवा केलीत असं होईल, जरा आशादायक काहीतरी दाखवा. ‘देशाची बदनामी’ हा शब्दप्रयोग ऐकून आपल्याकडच्या प्रेक्षकांत हमखास खसखस पिकते. गंमत म्हणजे आधीच्या ‘मिरॅकल इन मिलान’ला, ज्यात झोपडपट्टीतले लोक शेवटी झाडूंवर बसून उडून जातात, डाव्यांनीही नावं ठेवली: गरिबांना लढू द्यायचं सोडून उडवतोस काय?

‘उम्बेर्तो डी’ एवढा कंटाळवाणा का आहे?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारा प्रामाणिक असतो. निवृत्त सरकारी कारकून, पेन्शन पुरत नाही, घरमालकीण बाहेर काढतेय, सोबतीला फ्लाइक नावाचा कुत्रा. एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचं काम कार्लो बात्तिस्ती या फ्लोरेन्सच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने केलं आहे. चित्रपट दे सिकाने आपल्या वडिलांना अर्पण केला. त्यांचंही नाव उम्बेर्तो.

दोन जागा सांगतो, त्यांच्यासाठी परत बघा. पहिली: घरकाम करणारी मारिया पहाटे उठते. डोळ्यांवर झोप. काडी ओढून शेगडी पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, आपल्या पोटाकडे बघते. पोरगी पोटुशी आहे आणि बाप कोण हे नक्की नाही. मग बसून कॉफी दळते आणि दळता दळता बसल्या जागेवरून पाय लांबवून अंगठ्याने दार लोटायचा प्रयत्न करते. डोळ्यांत पाणी येतं, ते पुसून ती दळत राहते. ‘काहीच घडत नाही’ असं ज्याला म्हणतात, ते हे दृश्य. आमच्या क्लबातल्या एक आजी म्हणाल्या होत्या, “घडत कसं नाही? तिच्या सकाळी मी पन्नास वर्षं काढल्यात.”

दुसरी: म्हातारा भीक मागायची तालीम करतो. तळहात पुढे करतो. एक माणूस थांबून खिशात हात घालतो आणि ऐन वेळी म्हातारा तळहात पालथा करतो, जणू पाऊस पडतोय का बघत होता. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देऊन स्वतः खांबाआड लपतो. नेमका ओळखीचाच माणूस येतो.

चित्रपटाने धंदा केला नाही. दे सिकाच्या त्या सहा वर्षांचा हा शेवट म्हणायला हरकत नाही.

तो जुगारी होता का?

होता, आणि त्याने लपवलंही नाही. कॅसिनोत तो भरमसाट हरायचा. त्याने दीडशेहून जास्त चित्रपटांत कामं केली, त्यातली कित्येक निव्वळ पैशासाठी. काही देणी भागवायला, काही स्वतःचे चित्रपट उभे करायला. मिळतील ती कामं करून त्याने नाव घालवलं, असं म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. मॅक्स ओफ्युल्सच्या ‘मादाम द...’मधला मुत्सद्दी, ‘पाने, आमोरे ए फान्ताझिया’मधला जीना लोलोब्रिजिदाच्या मागे लागलेला फौजदार आणि रोसेल्लिनीच्या १९५९च्या ‘जनरल देल्ला रोव्हेरे’मधला, सेनापतीचं सोंग करता करता खरोखर मोठा होणारा लफंगा, ही पैशासाठी केलेली कामं असतील तर असोत.

आणि १९५४च्या ‘गोल्ड ऑफ नेपल्स’मध्ये त्याने स्वतःचीच टर उडवली. तिथे तो एक कंगाल सरदार झालाय. बायकोने पैसे बंद केलेत, म्हणून तो दरवानाच्या पोराला बळेच पत्ते खेळायला बसवतो. पोराचं लक्ष खिडकीबाहेर, खेळायच्या वेळेकडे. आणि डाव मात्र दरवेळी पोरगंच जिंकतं.

सोफिया लॉरेनला त्याने घडवलं का?

बऱ्याच अंशी. ‘गोल्ड ऑफ नेपल्स’मध्ये तिला पिझ्झेवाली केलं तेव्हा ती विशीत होती. तिलाही नेपल्सचं पाणी लागलेलं. दिग्दर्शक म्हणून त्याने तिच्यासोबत आठ चित्रपट केले. ‘टू विमेन’मध्ये, म्हणजे आल्बेर्तो मोराव्हियाच्या कादंबरीवरच्या ‘ला चोचारा’त, आईचं काम खरं तर आन्ना मान्यानी करणार होती आणि सोफिया तिची मुलगी होणार होती. मान्यानीने नकार दिला आणि पंचविशीतली सोफियाच आई झाली. १९६२ साली तिला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. इंग्रजी नसलेल्या भूमिकेला हा मान पहिल्यांदाच. ती समारंभाला गेली नव्हती. रोममध्ये घरी फोन वाजला आणि बातमी सांगणारा होता कॅरी ग्रँट. या गोष्टीत तो शेवटी असा येऊन गेला.

तिच्या आणि नट मास्त्रोयान्नीच्या जोडीचे ‘यस्टर्डे, टुडे अँड टुमॉरो’ आणि ‘मॅरेज इटालियन स्टाईल’ आज पाहिले तरी हॉल हसतो.

एकूण ऑस्कर किती?

चार चित्रपटांना: ‘शू-शाईन’ आणि ‘बायसिकल थीव्ज’ला खास, ‘यस्टर्डे, टुडे अँड टुमॉरो’ आणि ‘द गार्डन ऑफ द फिन्झी-कॉन्तिनिस’ला परदेशी चित्रपटाचं. शिवाय नट म्हणून ‘अ फेअरवेल टू आर्म्स’साठी एक नामांकन. ‘मिरॅकल इन मिलान’ला १९५१ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं.

त्याचे दोन संसार होते म्हणतात?

होते. पहिली बायको अभिनेत्री जुदित्ता रिस्सोने, तिच्यापासून मुलगी एमी. मग स्पॅनिश अभिनेत्री मारिया मेर्कादेर, तिच्यापासून मानुएल आणि क्रिस्तियान. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० साली आला, तोवर सुटका नाही. शेवटी फ्रेंच नागरिकत्व घेऊन १९६८ साली त्याने मारियाशी लग्न केलं. सणावारी तो दोन्ही घरी जेवायचा, आणि नववर्षाच्या रात्री एका घरातलं घड्याळ मागे करून ठेवायचा म्हणजे दोन्हीकडे बाराच्या ठोक्याला हजर, असं सांगतात. क्रिस्तियान पुढे इटलीत विनोदी नट म्हणून गाजला.

आपल्याकडे त्याचा एवढा प्रभाव कसा पडला?

१९५२च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. मग तो मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. त्यात ‘बायसिकल थीव्ज’ होता, ‘मिरॅकल इन मिलान’ होता. स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या झोपड्या बघायची सवय असलेल्या मुंबईच्या सिनेमावाल्यांना तो धक्काच होता. बिमल रॉय यांनी ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला आणि १९५३ साली ‘दो बीघा जमीन’ आला: जमीन वाचवायला कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढणारा शंभू आणि मागोमाग आलेला त्याचा मुलगा. नक्कल नाही ती. सावकारी आणि दुष्काळ हे आपलेच. पण शहरात बापाशेजारी चालणारं पोर कुठून आलं हे ओळखू येतं.

सत्यजित राय यांनी तो आधीच, १९५० साली लंडनमध्ये पाहिला होता. जाहिरात कंपनीच्या कामासाठी गेले होते, तिथे शंभरच्या घरात चित्रपट पाहिले. नट नसलेली माणसं, खऱ्या जागा आणि नवखी मंडळी घेऊन चित्रपट होतो, ही खात्री घेऊन परतीच्या बोटीवर ते ‘पथेर पांचाली’च्या आराखड्याला लागले.

राज कपूर यांच्या ‘बूट पॉलिश’चं नातं ‘शू-शाईन’शी जोडतात. विषय जवळचा आहे खरा, पण आपल्या चित्रपटात पोरांना शेवटी घर मिळतं. दे सिकाने दिलं नसतं.

भारतात येऊन बंगाली बाईच्या प्रेमात पडला तो हाच ना?

नाही! तो रोबेर्तो रोसेल्लिनी, १९५६च्या डिसेंबरात आलेला. इथे ‘इंडिया’ नावाचा चित्रपट केला आणि सोनाली दासगुप्तांसोबत परतला. तो वेगळा विषय, त्याचं पान कधीतरी.

नंतरचे चित्रपट बघण्यासारखे आहेत का?

निवडून बघा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातले बरेच सोडले तरी चालतील. ‘सनफ्लॉवर’ रडका आहे, पण सोव्हिएत संघात जाऊन टिपलेली ती क्षितिजापर्यंतची सूर्यफुलं आणि त्याखाली पुरलेले सैनिक विसरता येत नाहीत. १९७०चा ‘फिन्झी-कॉन्तिनिस’ मात्र चुकवू नका. फेरारा शहरातलं श्रीमंत ज्यू घराणं, बागेच्या भिंतीआड टेनिस खेळत राहतं आणि भिंतीबाहेर वंशद्वेषाचे कायदे एकेक करून दारं बंद करत येतात. रंगीत, देखणा, आणि शेवटी अंगावर येणारा.

सुरुवात कुठून करू?

‘बायसिकल थीव्ज’. दीड तासाचा आहे. मग ‘गोल्ड ऑफ नेपल्स’, म्हणजे हा माणूस हसवतोही हे कळेल. ‘उम्बेर्तो डी’ तिसरा. ‘शू-शाईन’ मन घट्ट असेल त्या दिवशी. आणि ‘बायसिकल थीव्ज’मध्ये पावसाच्या दृश्यात आडोशाला उभ्या असलेल्या तरुण धर्मशिक्षणार्थींकडे नीट बघा. त्यांतला एक सेर्जिओ लिओने आहे, पुढे क्लिंट ईस्टवूडला घेऊन वेस्टर्न काढणारा.

‘उम्बेर्तो डी’मध्ये कुत्रा मरतो का? मरत असेल तर मी बघणार नाही.

मरत नाही. रेल्वे फाटकापाशी तुम्हाला भीती वाटेल. म्हातारा त्याला छातीशी धरून रुळाजवळ उभा असतो. गाडी येते, कुत्रा घाबरून हातातून सुटतो आणि पळतो. नंतर जवळ यायलाच तयार होत नाही. ज्याच्यावर भरवसा होता त्याचं मन त्याला कळलेलं असतं. म्हातारा पाइनचं एक बोंड उचलतो, आधी पूर्वी खेळायचे तसं दाखवतो, मग फेकतो. बऱ्याच विनवण्यांनंतर फ्लाइक धावतो. दोघं झाडांच्या रांगेतून लांब लांब जात राहतात आणि रिकाम्या वाटेवर दुसरीकडून शाळकरी पोरं खेळत येतात. राहायला घर अजून मिळालेलं नाही. पण कुत्रा जिवंत आहे, निर्धास्त बघा.